लेख हरवलेलं बेट, नदी हरवलेलं देऊळ

पहाटे सव्वापाचला अंबरनाथच्या फलाटावर आम्ही तिघं उभे होतो. मी, आई आणि माझ्या बहिणीचा सहावीतला मुलगा. वार मुद्दाम शनिवारचा निवडला होता. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर परतीच्या गाडीचा भरवसा नसतो. डब्यात थालीपीठं, दह्याची बरणी आणि आईच्या हट्टाने घेतलेल्या दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

आईने तीस वर्षं फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी केली. रोज सकाळी अंबरनाथहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि संध्याकाळी परत. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून जाणं, भाजी डब्यातच निवडणं, कल्याण आलं की पदर खोचून दाराकडे सरकणं यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. तिच्या कचेरीपासून गेटवे ऑफ इंडिया चालत पंधरा मिनिटांवर. तिथून घारापुरीची लाँच दर थोड्या वेळाने सुटते, हे तिला रोज दिसत होतं. तीस वर्षांत ती एकदाही त्या लाँचमध्ये बसली नाही. निवृत्तीनंतर एकदा सहज म्हणाली, "एवढी वर्षं त्या धक्क्यावरून परत फिरले गं. एकदा पलीकडे जाऊन येऊ या." त्या एका वाक्यामुळे ही सहल घडली.

गाडी बदलापूरहूनच भरून आली. आमच्या पट्ट्यातल्या माणसांना हे नवं नाही. बसायला जागा हवी म्हणून उल्हासनगर, विठ्ठलवाडीची कितीतरी माणसं आधी उलटी अंबरनाथ-बदलापूरला येतात आणि तीच गाडी धरून मुंबईला जातात. मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवरची ही तीन गावं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते फलाटावरच्या पाट्याच सांगतात. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार भरली. म्हणजे तेव्हाच सव्वानऊ लाखांच्या वर माणसं. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते गाडीच्या खिडकीतून कोणालाही दिसतं.

प्रत्येक गावाची घडण वेगळी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला जवळून वाहणाऱ्या नदीचं नाव मिळालं. अंबरनाथ काडेपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी वाढलं. बदलापूर कालपरवापर्यंत भातशेतीचं गाव होतं. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. तिन्ही गावांनी आलेल्या प्रत्येकाला छप्पर दिलं, हे त्यांचं मोठेपण. पण माणसाने काही न विकत घेता, काही न विकता, नुसतं शांत बसावं अशी जागा मात्र इथे फार थोडी उरली. म्हणून आमच्यासारखी माणसं शांततेसाठी सुट्टीच्या दिवशीही परत मुंबईचीच गाडी पकडतात.

गेटवेवर नऊच्या सुमाराला पहिल्या लाँचा सुटतात. चढताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून एक प्रवासी लाँच बुडाली आणि माणसं दगावली. ते सगळ्यांच्याच मनात होतं. आईने भाच्याच्या जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले.

लाकडी लाँच धडधडत निघाली. ताज आणि गेटवे लहान होत गेले. नौदलाच्या राखाडी नौका, उजवीकडे दूर उरणच्या बाजूला जवाहरलाल नेहरू बंदरातल्या अजस्र क्रेन, मध्ये जवाहर द्वीप, जिथे तेलवाहू जहाजं रिकामी होतात, आणि उत्तरेला क्षितिजावर १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू. तासाभराच्या या प्रवासात अख्ख्या महानगराचा व्यवहार पाण्यावर मांडलेला दिसतो. कोणी पुड्यातले वेफर फेकले की समुद्रपक्षी लाँचच्या कडेने झेपावत होते. ते पाहून आई हसत होती, आणि मला वाटलं, हे हसू तीस वर्षं त्या धक्क्यावर अडून बसलं होतं.

मग दोन हिरव्या टेकड्या जवळ आल्या आणि इंजिनाचा आवाज थांबला.

घारापुरी उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी बेटावर तीन छोटी गावं. धक्का लांब आहे. त्याच्यावरून छोटी आगगाडी चालते, पण आम्ही चाललो. दोन्ही बाजूंना ओहोटीने उघडा पडलेला चिखल आणि खारफुटी. पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही कडांना दुकानं, काकडी, कैरी, चिंचा आणि ताक विकणाऱ्या बायका. एकीने आईला पायरीवर बसवलं, ताकाचा पेला हातात दिला आणि म्हणाली, "आजी, घाई करू नका, लेणी कुठं पळत नाहीत." आई म्हणाली, "बाई, मी तीस वर्षं घाईच केली." दोघी मग पाऊण तास बोलत बसल्या असत्या, मी उठवलं नसतं तर.

त्या बोलण्यातून कळलं की बेटावरची माणसं पाण्यासाठी पावसावर आणि बेटावर साठवलेल्या पाण्यावरच अवलंबून असतात. विजेची गोष्ट तर अलीकडचीच. समोर अख्खी मुंबई रात्रभर झगमगत असताना इथे संध्याकाळचे काही तास डिझेलवर चालणाऱ्या जनित्राचा उजेड असे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून महावितरणने फेब्रुवारी २०१८मध्ये बेटावर कायमची वीज आणली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. पर्यटकांना मात्र इथे रात्री राहता येत नाही. शेवटची लाँच निघून गेली की बेट पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

मुख्य लेणं पश्चिमेकडच्या टेकडीवर आहे. उत्तरेच्या दारातून आत शिरलं की डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही. मग खांब उमटू लागतात. हे दालन कोणी बांधलं नाही, डोंगरातून कोरून काढलं. पूर्व आणि पश्चिम बाजूंना मोकळी अंगणं आहेत, त्यामुळे उजेड तीन दिशांनी येतो आणि दिवसभर सरकत राहतो. दक्षिणेच्या भिंतीवर सदाशिव. सुमारे अठरा फूट उंचीची ती त्रिमुखी मूर्ती आपण ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून पाठ्यपुस्तकात शिकतो, पण ती तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मध्ये शांत, डोळे मिटलेलं मुख. एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला हाती कमळ घेतलेलं कोमल वामदेव. मागचं चौथं आणि वरचं पाचवं आपण मनाने पाहायचं. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला जटेत गंगा झेलणारा गंगाधर.

आई कल्याणसुंदर शिल्पापुढे थांबली. शिव-पार्वतीचं लग्न. पार्वतीची मान किंचित झुकलेली. हातपाय तुटलेले, चेहरे झिजलेले, तरी लाज शाबूत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघ, दगडालाही ओठ हलवता येतात." तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मावशी, हे कोणी केलं?"

त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर कोणाकडेच नाही, आणि त्यामागे एक दुःखद हकीकत आहे. लेण्यात एक शिलालेख होता. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं. तो लेख त्यांनी काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला आणि तिथे तो हरवला, असं पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कुतो याने नोंदवलं आहे. त्या काळात मूर्तींचीही मोठी मोडतोड झाली. लेख गेला आणि करणाऱ्याचं नावही गेलं. आज अभ्यासक शैलीवरून सहाव्या शतकाचा मध्य धरतात. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली, म्हणून अनेक जण कलचुरींचं नाव घेतात. काही जण कोकणच्या मौर्यांचं घेतात. या मौर्यांची राजधानी पुरी. पश्चिम समुद्राची लक्ष्मी असा तिचा लौकिक होता आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने जहाजांचा ताफा घेऊन तिच्यावर चाल केली, हे इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखातून कळतं. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असं काहींचं मत. काही ती दक्षिणेला जंजिऱ्याजवळच्या राजपुरीत शोधतात.

पुरी हे नाव ऐकलं आणि मला एकदम घर आठवलं.

उत्तर कोकणावर नवव्या ते तेराव्या शतकात शिलाहारांचं राज्य होतं. त्यांच्या ताम्रपटांत आपल्या मुलखाचं वर्णन येतं ते असं: पुरी ज्यांच्यात प्रमुख, अशा चौदाशे गावांचं कोकण. त्या चौदाशे गावांपैकी एका गावात, वालधुनी नदीच्या काठी, शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात सुरू झालेलं शिवमंदिर त्याचा भाऊ मुम्मुणी याने पूर्ण केलं. ते गाव आमचं अंबरनाथ. म्हणजे ज्या राज्याच्या ताम्रपटांत पुरीचं नाव पहिलं येत होतं, त्याच राज्याचं देऊळ आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. आणि आम्ही शांततेच्या शोधात दोन तास गाडीने आणि तासभर पाण्यातून इथवर आलो होतो.

अंबरनाथचा लेख मात्र हरवला नाही. तो उत्तरेच्या दाराच्या तुळईवर कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रथम वाचला, तेव्हा त्यांना शके ७८२ दिसलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासला आणि शके ९८२ असं वाचन सिद्ध केलं. म्हणजे इ.स. १०६०. एका आकड्याच्या नीट वाचनाने देवळाचं वय दोनशे वर्षांनी बदललं. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकाने पुढे शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित केले, तेव्हा या घराण्याची साखळी नीट जुळली.

योगायोग असा की घारापुरीच्या एलिफंटा या दुसऱ्या नावाची कथाही याच भाऊ दाजींच्या दारात येऊन थांबते. बेटाच्या किनाऱ्यावर एक अखंड दगडी हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये तो मुंबईला आणला गेला. हलवाहलवीत तो भंगला होता. १९१४मध्ये त्याचे तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटाने आपला लेख गमावला, हत्ती गमावला, मूर्तींचे हातपाय गमावले. तरी १९८७मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिलं.

दुपारी आम्ही लेण्याबाहेरच्या झाडाखाली डबा उघडला. माकडं लगेच आली. एक अख्खं थालीपीठ भाच्याच्या हातातून गेलं. जेवून झाल्यावर अर्धा तास आम्ही नुसते बसलो. पानांचा आवाज येत होता, खालून लाँचचा भोंगा, बस. मला त्या अर्ध्या तासात एक गोष्ट पटली. बेटाची शांतता हे काही दैवी वरदान नाही. त्याला चहूबाजूंनी समुद्राचं कुंपण आहे. वाहन येऊ शकत नाही. रात्री पाहुणा राहू शकत नाही. सोमवारी दार बंद. बांधकामावर वारशाचे निर्बंध. समुद्राने अर्धं काम केलं आणि नियमांनी उरलेलं अर्धं. गावकऱ्यांनी त्या कुंपणाची किंमत मोजली. सत्तर वर्षं कायमच्या विजेशिवाय राहून मोजली.

परतीच्या लाँचवर आई झोपून गेली. रात्री साडेआठला आम्ही अंबरनाथला उतरलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी भाच्याला घेऊन शिवमंदिरात गेले. काल त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला इथे दाखवायचं होतं. पश्चिमाभिमुख देऊळ, समोर नंदी, काळ्या दगडाच्या भिंतीवर एका इंचाचीही मोकळी जागा नाही इतकी शिल्पं. ही भूमिज शैली. शिखराच्या रचनेत लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत गेलेल्या, पण माथा अपुरा. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. खाली थंड अंधार, पिंड आणि वरून पडणारा उजेडाचा एक तुकडा. काल डोंगराच्या पोटात शिरताना जो थंडावा अंगाला लागला होता, तोच इथे लागला. भाच्याने विचारलं, "मावशी, हे पण खोदलंय का?" मी म्हटलं, "नाही रे, हे बांधलंय. आणि बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, मुम्मुणी." त्याने ते नाव दोनदा मोठ्याने म्हटलं.

एकोणिसाव्या शतकात, १८६८च्या सुमाराला, मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी इथे येऊन या शिल्पांची चित्रं काढली आणि साचे घेतले. तेव्हा त्यांना नदीचं पाणी कसं दिसलं असेल, हा विचार मला देवळाच्या मागे उभं राहिलं की दर वेळी छळतो.

कारण देवळाला लागूनच वालधुनी आहे. ती आमच्याच डोंगरांत उगम पावते, देवळाला वळसा घालते, उल्हासनगरच्या मधून जाते आणि कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. नदी तशी छोटीच. या छोट्या नदीत काठच्या गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन किती काळ सोडलं गेलं, त्याचा पुरावा पाण्याचा रंग आणि वास रोज देतात. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस रात्रीच्या वेळी टँकरमधून या नदीत रसायन ओतलं गेलं. त्यातून उठलेल्या विषारी वायूने उल्हासनगरमधल्या शेकडो माणसांना रुग्णालयात जावं लागलं. झोपेत असलेल्या माणसांना आपल्याच नदीने गुदमरवलं. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०१५मध्ये लवादाने दोषींना दंड ठोठावला. त्यानंतर काही कारखाने बंद झाले, काही प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. तरी देवळाच्या मागच्या पायरीवर बसून कोणी आपल्या मुलाला, पाण्यात पाय सोड, असं म्हणू शकत नाही.

घारापुरीने लेख गमावला, पण पाणी राखलं. अंबरनाथने लेख राखला आणि पाणी गमावलं. दोन्ही ठिकाणी देव एकच आहे, दगड एकच आहे, कदाचित राज्यही एकच होतं. फरक कुंपणाचा आहे. तिथे समुद्र मध्ये आहे. इथे जे कुंपण हवं, ते आपणच घालायचं होतं, आणि आपण नदीलाच गटार केलं.

मी या गावात वाढले. महाशिवरात्रीच्या जत्रेत आजोबांच्या खांद्यावर बसून देवळाच्या रांगेत उभी राहिले. त्यामुळे हे लिहिताना मला राग कमी आणि लाज जास्त वाटते. मंदिराच्या परिसराचं सुशोभीकरण होत आहे. दिवे, फरशा, कमानी येतील. त्याआधी नदी यायला हवी. सुशोभित घाटावरून घाण पाणी वाहत राहिलं तर तो घाट पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी उरेल, आमच्यासाठी नाही. देवळाच्या चारही बाजूंना मोटारी थांबणार नाहीत, ध्वनिवर्धक लागणार नाही, एक थेंब सांडपाणी नदीत उतरणार नाही, असा पट्टा आखता येतो. घारापुरीला सोमवारची सुट्टी आहे. आपल्या देवळाच्या काठालाही वर्षातून काही दिवस पूर्ण शांततेचे देता येतील.

हे अशक्य आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या केबलचा विचार करावा. तीन छोट्या गावांतल्या दिव्यांसाठी समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर केबल टाकता आली. वालधुनी कुठल्याही समुद्राच्या तळाशी नाही. ती आपल्या घरांच्या मागून वाहते, आणि तिच्यात काय सोडायचं हे आपल्याच पाइपांवर, आपल्याच कारखान्यांवर, आपल्याच मतावर ठरतं.

म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांना माझ्या दोन मागण्या आहेत. या थंडीत एकदा, सोमवार सोडून, घरच्या वयस्क माणसांना घेऊन घारापुरीला जा. सदाशिवापुढे पंधरा मिनिटं काही न बोलता उभे राहा. आणि त्याच्या पुढच्या रविवारी अंबरनाथच्या देवळात या. दर्शन झालं की मागे नदीच्या काठावर जा, पाणी पाहा, वास घ्या, मुलांनाही घेऊ द्या. हातातलं निर्माल्य पिशवीतच ठेवा. घरी परतल्यावर आपल्या इमारतीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं, हा एक प्रश्न नगरपालिकेला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा.